वहीतलं अर्धा गॅलन मोबिल

त्या उन्हाळ्यात कोठ्याचं छप्पर नव्यानं शाकारायला उतरवलं, तेव्हा आजोबांची होडी मी पहिल्यांदा धड उजेडात पाहिली. माझ्या आठवणीत ती कायम उपडीच होती. वर तणसाचे भारे, खाली कोंबड्या. लहानपणी आम्ही भावंडं तिच्या पोटाखाली लपायचो आणि तिच्या पाटीवर पाटी कशी चढवली आहे ते बोटांनी चाचपत बसायचो. तीच होडी चार माणसांनी सुलटी केली आणि आत सागाचं पिवळं-तपकिरी लाकूड अजून जिवंत दिसलं, तेव्हा मी तिथल्या तिथे ठरवलं की ही परत तलावात जाणार.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदिया जिल्ह्यात. हा सगळा मालगुजारी तलावांचा मुलूख. कोहळी लोकांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पारी बांधून पाणी अडवलं, त्यावर आमचा धान आजही पिकतो. आजोबा मालगुजाराकडे कामदार होते. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणारी जमीनदारी, संपली, वाड्यातल्या वस्तू एकेक करून निघाल्या आणि होडी आजोबांकडे आली. ती त्याआधी गोंदिया–चांदा फोर्टच्या छोट्या रेल्वेनं मालडब्यात चढवून आणली होती, एवढं आजीकडून ऐकलेलं. लांबी तेरा फूट. पाट्या एकीवर एक चढवून तांब्याच्या रिव्हेटांनी जोडलेल्या. इकडच्या डोंग्याशी तिचं काहीच नातं नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो वेगळा विषय आहे. गावच्या सुतारमिस्त्रींनी तीन पाट्या आणि दोन फासळ्या बदलल्या. लाकूड इतकी वर्षं कोरडं राहिल्यामुळे आकसलं होतं आणि सांध्यांतून उजेड दिसत होता. त्या फटींत लांबी, म्हणजे पुटी, भरायचा मोह आवरला आणि होडी तलावाच्या काठाशी गुडघाभर पाण्यात दगड ठेवून बारा दिवस बुडवून ठेवली. लाकूड फुगलं, सांधे आपोआप मिटले. सुक्या लाकडात घट्ट लांबी भरली असती तर तेच लाकूड फुगताना रिव्हेटांवर ताण येऊन पाट्या फाटल्या असत्या.

खरा प्रश्न त्यानंतर आला. वडील सांगायचे की आजोबा होडीला "इंजीन" लावून तलावाच्या पल्याडच्या शेतात जात. ते यंत्र कधी विकलं, कुणाला दिलं, कसलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होडीला पुन्हा तसं यंत्र, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायची आउटबोर्ड मोटर, लावायचं होतं. पण कुठलंही नको होतं.

नागपूरच्या एका दुकानात नवं चार अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक यंत्र पाहिलं. चांगलं होतं, धूर नाही, आवाज कमी. वजन पंचवीस किलोंच्या वर. परत आल्यावर मी आणि ढिवर काकांनी एक प्रयोग केला. काका सत्तरीचे, जन्म तलावावर गेलेला. होडीत मागच्या बाकावर ते बसले, मधल्या बाकावर मी, आणि मागच्या फळीला लागून आम्ही मोजून सव्वीस किलोचं धानाचं पोतं ठेवलं. होडीचं नाक वर आलं आणि मागची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर राहिली. मग पोत्यातला धान काढून ते सतरा किलोंवर आणलं. होडी बरीचशी सपाट झाली.

काका म्हणाले, "पोरी, हा डोंगा नोहो. हिचं मागचं अंग बारीक हाये. वल्ह्यासाठी बनवली हे. मागं भार टाकशीन त बसंल ना ते पान्यात."

हे मला नंतर कागदावरही पटलं. वल्ह्यानं चालणाऱ्या अशा गोल पोटाच्या होडीचा वेग तिच्या लांबीनं बांधलेला असतो. पाण्यात टेकणाऱ्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं; येतो तो आकडा ताशी सागरी मैलांचा. आमच्या होडीची पाण्यातली लांबी बारा फूट. उत्तर आलं साडेचारच्या थोडं वर, म्हणजे तासाला साडेआठ किलोमीटर. त्यापुढे कितीही ताकद लावा, होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते, मागून खाली बसते आणि पेट्रोल जळतं तेवढंच. म्हणून दोन-तीन अश्वशक्ती पुरे. आणि पंखा लहान, जोरात फिरणारा नको. मोठा आणि संथ हवा. पन्नाशीच्या दशकातली लहान यंत्रं अशाच होड्यांसाठी घडवलेली होती. तेव्हाच्या होड्या वल्ह्यांच्याच असत आणि यंत्र हा त्यांना दिलेला जोड असे. काळाला साजेसं यंत्र हवं हा माझा हट्ट दिसण्यापासून सुरू झाला होता, पण पोत्याच्या प्रयोगानंतर तो वजनाचा आणि पाण्याचा हिशेब झाला.

पण कुठल्या काळाचं? इथे मी बरेच दिवस चुकत होते. होडी स्वातंत्र्याच्या आधीची असावी असा अंदाज, म्हणून मी चाळीसच्या दशकातली यंत्रं शोधत होते. मिस्त्रींनी माझी चूक दाखवली. मागच्या उभ्या फळीवर आतून एक जाड ठोकळा बसवलेला होता. फळी सागाची, पण ठोकळा बिजाचा. बिजाचं लाकूड ओलं केलं की पिवळसर तांबूस पाणी सुटतं, ते त्यांनी मला थेंब टाकून दाखवलं. होडी बाहेर घडली असणार, ठोकळा इथेच, आमच्या जंगलातल्या लाकडाचा. ठोकळ्यावर चिमट्याच्या स्क्रूचे दोन गोल खड्डे होते आणि एका बाजूला तेलाचा काळा डाग खोलवर मुरलेला. म्हणजे होडी जन्मली तेव्हा तिला यंत्र नव्हतंच. ते आमच्या घरी आल्यावर लागलं. मला होडीच्या जन्माचं साल नको होतं, तिला यंत्र लागलं ते साल हवं होतं.

ते साल वहीत सापडलं. आजोबांच्या खर्चाच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या माळ्यावर आहेत. वाळवीनं पुष्कळ खाल्ल्या, कित्येक पानांवरचा वरचा कोपरा, जिथे तारीख असते, तोच गेलेला. मी दिवाळीच्या सुट्टीत पान पान चाळलं. धान, मजुरी, बैलांची पेंड, देवळाची वर्गणी. मग एका पानावर: "पेट्रोल ५ गॅलन, मोबिल अर्धा गॅलन." दोन पानांनंतर तेच. पुढे आणखी तीनदा तेच.

तारीख नव्हती, पण रक्कम रुपये आणि "न. पै." मध्ये होती. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी. त्याआधी आजोबा आण्यांत लिहीत. आणि गॅलन आहे, लिटर नाही. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सगळीकडे सक्तीची झाली. म्हणजे नोंद १९५७ नंतरची आणि साठीच्या सुरुवातीच्या आतली. वाळवीनं खाल्लेली तारीख अशी दोन बाजूंनी चिमटीत आली. मी आईला हाक मारून ते पान दाखवलं. ती बराच वेळ आजोबांच्या अक्षरावरून बोट फिरवत होती.

त्या नोंदीत आणखी एक गोष्ट होती आणि ती माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. पाच गॅलनला अर्धा गॅलन तेल. दहास एक. टू-स्ट्रोक यंत्रात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, पण राजदूत ही जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल चालवणाऱ्यांना विचारा, पेट्रोलमध्ये कुणी इतकं तेल घालत नाही. त्या काळातली अमेरिकन यंत्रं, जॉन्सन आणि एव्हिनरूड, सोळास एक किंवा त्याहून कमी तेलावर चालत. दहास एक मागणारं आणि जगभर खपलेलं लहान यंत्र म्हणजे ब्रिटिश सीगल.

तोवर माझं मन जॉन्सनवर गेलं होतं हे कबूल करायला हवं. पन्नाशीतलं तीन अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं जॉन्सन दिसायला फार देखणं, गोलाईदार टोपणाचं, आणि आवाजाला मऊ. मुंबईच्या दारूखान्यात जहाजाच्या भंगारात तसं एक आहे असं कळलं होतं. पण ती यंत्रं बारकाईनं पाहायला लागले तशा अडचणी समोर आल्या. त्या काळच्या मोठ्या जॉन्सनना पेट्रोलची टाकी वेगळी असते. तिच्यात हवेचा दाब भरून पेट्रोल ढकललं जातं आणि त्यासाठी दोन पोकळ्यांची नळी लागते. टाकीचं रबर गेलं की सगळंच अडतं. लहान जॉन्सनला टाकी डोक्यावरच असते, पण चकतीखालच्या, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइल वयानं तडकतात. तडकलेली कॉइल घेऊन मी गोंदियाला कुणाकडे जाणार? आणि वही दहास एक म्हणत होती. मी जॉन्सन सोडलं.

सीगलबद्दल जे समजत गेलं त्यानं मी त्याच्या प्रेमात पडले, हे मोकळेपणानं लिहिते. १९३१ मध्ये वूल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन कंपनीत, जिथे सनबीमच्या सायकली आणि मोटारसायकली बनत, तिथे हे यंत्र सुरू झालं. पुढे कारखाना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल इथे गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलानं लहान नावांसाठी हजारोंनी घेतलं. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं, तरी सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही मिळतात. टोपण नाही, झाकण नाही. पितळी टाकी, खाली एकच सिलिंडर, खाली लांब नळी, नळीच्या टोकाला दात्यांची पेटी आणि पंखा. कुठे काय बिघडलं ते उभ्या उभ्या दिसतं. चालू करायला ओढून परत जाणारी दोरी नाही. चकतीवरच्या खाचेत गाठ अडकवून दोरी दर वेळी हातानं गुंडाळायची आणि ओढायची. खेड्यात राहणाऱ्या माणसाला परवडेल असं हे यंत्र आहे, कारण त्यात लपवलेलं काही नाही.

त्यातही निवड होतीच. फॉर्टी नावाची मालिका ६४ सीसीची, सेंच्युरी १०२ सीसीची. सेंच्युरी जड, आणि तिची ताकद आमच्या होडीला वायाच. नळीची लांबी दोन प्रकारची. आमची मागची फळी पंधरा इंच उंच, म्हणून आखूड नळी. क्लच असलेली सीगलही मिळतात आणि मला क्लच हवा होता, कारण बिनक्लचच्या यंत्रात दोरी ओढली की पंखा लगेच फिरू लागतो आणि आमच्या तलावात जाळी असतात.

मी हे काकांना सांगितलं. ते हसले नाहीत, नीट विचार करून म्हणाले, "काठापासून वल्ह्यानं जाय. खुल्या पान्यात इंजीन सुरू कर. जाळं दिसलं का बंद कर न् वर उचल. तुह्या आज्यानं तसंच करे. म्या पाह्यलं हाये." काकांनी आजोबांना यंत्र चालवताना पाहिलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं! मी विचारलं, ते दिसायचं कसं? "पितळ चमके. धूर मात्र लय." मी फॉर्टी मालिकेतलं बिनक्लचचं फॉर्टी प्लस ठरवलं.

आता शोध. मुंबईतल्या एका विक्रेत्यानं फोनवर सांगितलं की १९५७ चं फॉर्टी प्लस आहे, अगदी मूळ रंगात. फोटोंत टाकी लखलखत होती. मी चार हजार आगाऊ पाठवले आणि शाळेला मे महिन्याची सुट्टी लागल्यावर विदर्भ एक्स्प्रेसनं गेले. तिथे दोन गोष्टी तपासल्या. पहिली म्हणजे कोरलेला क्रमांक. सीगलच्या क्रमांकाला साठच्या दशकापासून शेवटी अक्षर आणि आकडा जोडला जाऊ लागला. अक्षर महिन्याचं, आकडा वर्षाच्या शेवटच्या अंकाचा. या यंत्राला ती शेपटी होती. म्हणजे ते १९५७ चं असणं शक्यच नाही. दुसरी गोष्ट, जुन्या फॉर्टीवर कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटो दोन्ही व्हिलियर्स कंपनीचे असतात. वायपॅकचा मॅग्नेटो आणि अमलचा कार्ब्युरेटर पुढे आले. इथे मॅग्नेटो वायपॅकचा आणि कार्ब्युरेटर व्हिलियर्सचा, दोन वेगळ्या यंत्रांतून एकत्र केलेले असावेत असे. यंत्र वाईट होतं असं नाही, चाललंही असतं. पण जे नाही ते आहे म्हणून विकणं मला सहन झालं नाही. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. त्या रात्री मी दादरला मावशीकडे रडले, चार हजारांपेक्षा एका वर्षाच्या शोधासाठी.

मावशीच्याच ओळखीतून मालवणचं घर कळलं. तिथल्या आजोबांनी तरुणपणी मासेमारीच्या लहान होडीवर सीगल वापरलं होतं आणि ते पडवीत खुंटीला टांगलेलं होतं. धूळ, कोळिष्टकं, टाकीला पोचा. क्रमांकाच्या सुरुवातीला एफ, शेवटी काहीही नाही. मॅग्नेटो व्हिलियर्स, कार्ब्युरेटर व्हिलियर्स. त्यांनी पंखा काढून दाखवला आणि मी जागच्या जागी थांबले.

पंख्याच्या मागे दांडीवर जाड तारेची एक स्प्रिंग होती, दोन्ही टोकं वाकवलेली. तशीच स्प्रिंग आमच्या घरी स्वयंपाकघराच्या चौकटीला खिळ्यावर अडकवलेली आहे. तिच्या वाकड्या टोकाला कोठीच्या किल्ल्या लटकतात. मी जन्मले तेव्हापासून. आजीनंतर आई, आईनंतर आता मी, रोज तिथून किल्ली काढतो आणि ती कसली स्प्रिंग आहे असा प्रश्न कुणालाही पडला नाही. सीगलमध्ये पंखा दांडीला थेट जोडलेला नसतो. मध्ये ही स्प्रिंग असते. पंखा दगडावर किंवा लाकडावर आपटला तर स्प्रिंग पीळ खाऊन झटका झेलते. इतर यंत्रांत अशा वेळी एक बारीक पिन तुटते आणि भर पाण्यात नवी पिन घालत बसावं लागतं.

मी मालवणच्या आजोबांना किल्ल्यांबद्दल सांगितलं. त्यांनी ठरलेल्या किमतीतून हजार रुपये कमी केले आणि म्हणाले, "मगे ह्या तुमचाच." सोबत दोरी दिली, लाकडी मुठीची, टोकाला गाठ मारलेली.

रेल्वेत नेण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून दोन दिवस उन्हात वाळवली, वासही राहू दिला नाही. पेट्रोलचा अंश असलेलं यंत्र गाडीत नेणं धोक्याचं आहे आणि नियमातही बसत नाही. गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवलं आणि गोंदियापर्यंत पाय त्याच्यावर टेकवून आले. घरी धानाच्या काट्यावर तोललं. सतरा किलो, वर दोनशे ग्रॅम.

अर्जुनीचे राजदूतवाले मेकॅनिक सुरुवातीला हात लावायला तयार नव्हते. मी चकती उघडून आतले पॉइंट आणि कंडेन्सर दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "बाई, हा त राजदूतचाच भाऊ होय." पुढचं सगळं त्यांनी केलं. पॉइंट घासून फट अर्धा मिलिमीटर ठेवली. कंडेन्सर राजदूतचाच बसवला. प्लग मात्र अडला. जुन्या सीगलचा प्लग १८ मिमी आट्याचा, राजदूतचा १४. तो बाहेरून मागवावा लागला, पंधरा दिवस गेले. दात्यांच्या पेटीत १४० नंबरचं जाड तेल लागतं, ते मात्र ट्रॅक्टरच्या दुकानात सहज मिळालं. या पेटीला आजच्या यंत्रांसारखं घट्ट सील नसतं. थोडं पाणी आत येतं, तेल दुधाळ होतं, आणि पेटी त्या दुधाळ तेलातही चालते. दर काही फेऱ्यांनी ते काढून नवं भरायचं, एवढंच.

पेट्रोलनं जास्त छळलं. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. सीगलच्या टाकीचा तोटीचा दट्ट्या बुचाच्या लाकडाचा. तो कोरडा पडून आकसला होता; गरम पाण्यात उकळून फुगवला तेव्हा गळती थांबली. पण इथेनॉल असलेलं पेट्रोल टाकीत ठेवायचंच नाही हा नियम मी केला. फेरी संपण्याआधी तोटी बंद करायची, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून यंत्र आपोआप थांबू द्यायचं, आणि उरलेलं टाकीतून काढून घ्यायचं.

मग तेलाचा प्रश्न, आणि इथे मी आजोबांपासून वेगळी वाट धरली. दहास एक म्हणजे जळलेल्या आणि न जळलेल्या तेलाचा तवंग पाण्यावर. या तलावात ढिवरांच्या मासेमारी संस्थेनं बीज सोडलेलं असतं, काठाला देवधान उगवतो, या भागात अजून सारस उरले आहेत. त्यांच्या पाण्यात दहावा हिस्सा तेल ओतायला माझा हात धजला नाही. व्हिलियर्स कार्ब्युरेटरमधली सुई बदलली की हेच यंत्र पंचवीसास एकवर चालतं. नुसतं तेल कमी करून भागत नाही. तेल कमी झालं की मिश्रण पातळ होतं, जेटमधून जास्त पेट्रोल जातं आणि यंत्र गुदमरतं; म्हणून सुई. ती इंग्लंडहून आली. यंत्राच्या मूळपणाला यानं धक्का लागतो असं कुणी म्हणेल. बाहेरून एकही स्क्रू बदललेला नाही, आणि आत बदलला तो तलावासाठी.

संस्थेच्या बैठकीत मी स्वतः गेले. पाहुणी बदकं येतात त्या महिन्यांत यंत्र लावायचं नाही, सारसाच्या घरट्यांच्या बाजूला कधीच नाही, जाळी टाकलेली असतील तिथे वल्ही. सगळ्यांनी हे मान्य केलं आणि मला होकार दिला.

पहिली चाचणी अंगणात झाली, धान उकडायच्या जुन्या टाकीत पाणी भरून. तळाची पेटी पाण्यात बुडलेलीच हवी, नाहीतर थंडाव्याचं पाणी वर चढत नाही आणि सिलिंडर तापून जातो. कार्ब्युरेटरची कळ दाबून पेट्रोल ओथंबेपर्यंत थांबायचं, हवेची झडप मिटायची, दोरी दोन फेरे गुंडाळायची. पहिल्या सात ओढींत काही नाही. मेकॅनिकनी प्लग काढून पुसला. नवव्या ओढीला ते बोललं, आणि टाकीतलं पाणी अंगणभर उडालं. आई पदरानं तोंड पुसत उभी होती. म्हणाली, "हाच आवाज होता."

होळीनंतर, बदकं गेल्यावर, होडी पाण्यात नेली. काका पुढे बसले. मी वल्ह्यानं सलंगाच्या, म्हणजे तलावाच्या सांडव्याच्या, पुढे खुल्या पाण्यात गेले आणि नाक मोकळ्या दिशेला करून दोरी ओढली. बिनक्लचचं यंत्र सुरू होताच ढकलतं, त्यासाठी मी तयार होते, तरी काकांनी दोन्ही कडा धरल्या. होडी सपाट राहिली. मागे लाट उठली नाही, फक्त पाण्याची एक लांब घडी. पार, पारीवरचं मोहाचं झाड, देऊळ, सगळं हळूहळू मागे सरकत गेलं.

पल्याडच्या काठाजवळ पाणी उतरलेलं होतं आणि पाण्याखाली जुन्या झाडांची खुंटं. काकांनी हात वर केला, पण मला उशीर झाला. टक्, असा जड आवाज आला, होडी थरथरली. मी तोटीकडे हात नेला. यंत्र एकदा अडखळलं आणि परत त्याच लयीत चालू लागलं. स्प्रिंगनं झटका घेतला होता.

घरी आल्यावर पंखा काढून पाहिला. स्प्रिंग शाबूत होती. चौकटीवरची जुनी स्प्रिंगही मी उतरवून दांडीवर घालून पाहिली. बरोबर बसली. ती परत खिळ्यावर अडकवली, किल्ल्या लावल्या, आणि माळ्यावरून आजोबांची वही काढली. शेवटची काही पानं कोरी आहेत. त्यातल्या पहिल्यावर तारीख घालून लिहिलं: पेट्रोल ५ लिटर, तेल २०० मिली.